नितळबाईचा शब्द

गॅरेजमध्ये तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, गाड्यांच्या अंगावरचं जुनं मेण उतरवणारी ही बाई सगळ्यांसाठी नितळबाई होती. कारण काम संपलं की ती एकच शब्द बोलायची, "नितळ." तो कानावर पडल्याशिवाय रंगाच्या खोलीचं दार उघडत नसे, मग मालक दाराशी उभा असो की गिऱ्हाईक घायकुतीला आलेलं असो. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, पुरे की आता, दिसतंय तर स्वच्छ." तिने हातातलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, पुसा तुम्हीच. आणि रंगही तुम्हीच मारा." गृहस्थ मुकाट्याने चहा प्यायला गेले.

मेण उतरवणं हेही काय काम आहे, असं कोणाला वाटेल. वाटू दे. लोक हौसेने गाडीला मेण चोपडतात, गाडी चकाकते, पाणी ठरत नाही, उन्हाने रंग विटत नाही. चांगलंच आहे. पण त्याच गाडीला कुठे खरवडलं आणि तेवढ्या भागाला नवा रंग द्यायची वेळ आली, की हेच मेण वैर धरतं. दिसत तर काहीच नाही. हात फिरवा, गुळगुळीत. पण वर रंगाच्या फवाऱ्याची गन मारली की ओला रंग जागोजागी मागे सरकतो आणि दारभर बारीक खळगे उमटतात, देवीचे व्रण असावेत तसे. बरं, मेण तसंच ठेवून वर पॉलिश पेपर मारला तर ते आणखी आत घुसून बसतं. म्हणजे डेंटरने कितीही नेटकं ठोकलं आणि पेंटरने कितीही जीव ओतला, तरी सगळ्यांची अब्रू आधी नितळबाईच्या हातात.

आणि त्या पेंटरशी तिचं लग्न झालेलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी ती गॅरेजमध्ये झाडलोट करायला आली, तेव्हा नवरा तिथे आधीपासूनच रंग मारत होता. एकदा त्याच्या एका कामावर असेच खळगे आले आणि तेव्हाचे मालक, म्हणजे आताच्या मालकाचे वडील, त्याला चार माणसांत नको ते बोलले. बायकोने झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, "ह्यांनी काय चुकवलं ते मला दाखवा." कोणाला सांगता येईना. मग तिनेच शोध लावला. घरी तेलकट परातीवर पाणी टाकलं की थेंब थेंब होऊन पळतं आणि घासलेल्या परातीवर ते पसरतं, एवढं तर तिला ठाऊक होतंच. दुसऱ्या दिवशी तिने गाडीवर पाणी ओतून बघितलं. जिथे थेंब उभे राहिले, नेमके तिथेच खळगे होते. त्या दिवसापासून झाडू दुसऱ्या कोणाकडे गेला.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी भांडी घासायच्या साबणाने दणकून धुवायचं. मग ओल्या पत्र्यावर चिकणमातीसारखी मऊ वडी फिरवायची, म्हणजे रुतलेली घाण निघते. मग स्पिरिट. फडक्याची घडी अशी घालायची की आठ बाजू मिळतील, आणि एक बाजू एकदाच टेकवायची, कारण तीच पुन्हा फिरवली तर काढलेलं मेण परत लावून ठेवलं, दुसरं काय. दाराच्या मुठीमागची खोबण, काचेखालच्या रबराची कड, असल्या अडनिड्या जागांसाठी तिच्याकडे जुने दात घासायचे ब्रश होते. शेवटी पुन्हा धुणं आणि मग पाणी. "मेण असलं की पाणी तोऱ्यात उभं राहतं," ती सांगायची, "आणि गेलं की निमूट आडवं होतं." उभं राहिलं की पुन्हा स्पिरिट. आडवं झालं की तो शब्द. रंगाच्या खोलीच्या दारातून पेंटर विचारायचा, "काय गं?" आणि ती म्हणायची, "नितळ." तो शब्द तिचाच होता. पेंटरने तो कधी चुकूनही तोंडात घेतला नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मालकांनी पुढच्या बाजूला गाड्या धुवायचा नवीन विभाग काढला आणि मागच्या आवारातला रबरी पाइप तिकडे गेला. नितळबाईला दोन बादल्या आणि एक मग मिळाला.

"मालक, पाइप लागतो मला."

"बाई, पाणी ते पाणी. पाइपातून आलं काय आणि बादलीतून आलं काय."

ती दिवसभर फणफणली. मग पदर खोचला आणि कामाला लागली, कारण रडत बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. साबण लावायचा, साध्या पाण्यात फडकं पिळून पुसून घ्यायचं, वर दोन-चार मग ओतायचे. आठवड्याभरात हात बसला. पाइपापेक्षा हेच बरं, कपडे तरी भिजत नाहीत, असं ती स्वतःच म्हणायला लागली.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत दोन गाड्या बिघडल्या.

पहिली गाडी रंगाच्या खोलीतून बाहेर आली ती बॉनेटभर खळगे घेऊन. पेंटरने मान खाली घातली. "हात हलला असेल माझा," तो म्हणाला, सगळं घासून काढलं आणि पुन्हा रंग मारला. तीन आठवड्यांनी दुसरी तशीच निघाली. ह्या वेळी मालक मागे आले. मालक वयाने ह्या नवरा-बायकोच्या मुलाएवढे, पण गॅरेज त्यांचं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं.

"बाई, तुमच्याकडून?"

"माझ्याकडून नितळ होतं," नितळबाई ठासून म्हणाली. "पाणी आडवं झालेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. मी शब्द दिला म्हणजे दिला."

"तिचं बरोबर आहे," पेंटर म्हणाला. "माझंच काहीतरी होतंय."

घरी आल्यावर तिने त्याला फैलावर घेतलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. त्याने घडाघडा वाचलं. "ते पाठ आहे तुम्हाला," म्हणत तिने औषधाची बाटली पुढे केली आणि तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला सांगितली. तीही त्याने वाचली. मग हात पुढे करायला लावले आणि पंज्यांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला. कागद हलला नाही.

"मग होतंय काय तुम्हाला?"

"वय," पेंटर म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून वाचत बसला.

तिला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर राग कमी होता आणि भीती जास्त, पण तिला भीती वाटली की ती रागानेच बोलायची. हा माणूस गनशिवाय काय करणार? त्याला गप्पा येत नाहीत, पत्ते येत नाहीत, सुट्टीच्या दिवशी दुपारी बारालाच तो विचारतो की आज वेळ एवढा का रेंगाळतोय.

सोमवारी मालकांनी निकाल दिला. आवाज गोड होता, तेवढं मान्य करायला हवं. "काका, खूप केलंत. आता जरा हलकं काम बघा. रंग नको तिथे कागद-टेप लावायचं तुम्ही सांभाळा, गन नवा पेंटर धरेल." नवा पेंटर पंधरा दिवसांपूर्वीच आला होता. तिशीचा, उंच, जरा लाजाळू. पेंटरने गन सोडवून तिचं तोंड साफ केलं, सुई पुसली, आणि ती खिळ्याला टांगली. गनच्या घोड्यावर त्याच्या बोटाने इतक्या वर्षांत एक खोलगट जागा केली होती. टांगताना त्याचं बोट सवयीने तिथेच गेलं. नितळबाईने ते बघितलं आणि ती तोंड फिरवून ब्रश धुवायला गेली.

त्याच दिवशी पोस्टमास्तरांची गाडी आली.

पोस्टमास्तर निवृत्त होते, पण पोस्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. बोलायचे ते टपाल वाटावं तसं, एकेकाला वेगळं. गाडी वळवताना फाटकाला घासली होती आणि उजव्या बाजूची दोन्ही दारं रंगवायची होती. मेण काढावं लागणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"अठरा वर्षं, बाई. दर रविवारी सकाळी. एक रविवार चुकला नाही."

"दिसतंय," नितळबाई म्हणाली. दारावर बोट टेकवलं तर ते घसरत होतं.

"गेली तीन वर्षं तर मी ती नवी बाटली वापरतो. वर्षभर टिकतं म्हणतात."

"तुम्ही मनापासून लावलंत ना? मग मीही मनापासून काढणार. बसा तिथे स्टुलावर, नाहीतर घरी जा. पण हुं नाही, चूं नाही."

पोस्टमास्तर स्टुलावर बसले आणि दोन दिवस बसून राहिले. तिने चंगच बांधला होता. ह्या गाडीवर मेणाचा कणसुद्धा राहता कामा नये, म्हणजे निदान तिच्या बाजूला तरी कोणाला बोट ठेवायला जागा नको. पहिला दिवस साबण आणि वडी ह्यातच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्पिरिटची फडकी अशी पिवळट तेलकट निघत होती की पोस्टमास्तरांना बघवेना. "हा कुठला रविवार असेल हो?" असं ते मधूनच विचारायचे. संध्याकाळी पाचला तिने साध्या बादलीत फडकं पिळून दोन्ही दारं पुसली आणि चार मग ओतले. पाणी पसरलं, निमूट आडवं झालं आणि सावकाश उतरलं.

पेंटर पलीकडे कागद कापत होता. सवयीने त्याने मान वर केली, पण विचारलं नाही. विचारलं नव्या पेंटरने, "झालं का, काकू?"

"नितळ," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघाला खरा, पण तो ऐकणारा माणूस दुसरा होता आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली. आवारात एकटा वॉचमन होता. गाड्या धुणारे दहाला यायचे, तोवर तो पुढचा पाइप ओढून मागच्या भिंतीकडेच्या कुंड्यांना पाणी घालून घ्यायचा. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून त्याने लांबूनच फवारा सोडला आणि त्यातला निम्मा पोस्टमास्तरांच्या गाडीवर पडला.

दोन्ही दारांवर थेंब उभे राहिले.

"थांबा!" नितळबाई ओरडली. वॉचमन दचकला आणि पाइप मागे लपवायला लागला. "लपवू नका हो. मारा अजून. दारावरच मारा."

"काकू, चुकून उडालं..."

"मारा म्हणते ना!"

त्याने मारलं. जितकं पाणी जास्त, तितके थेंब जास्त गोल आणि जास्त घट्ट. काल आडवं झालेलं पाणी आज छाती काढून उभं होतं. ती जवळ गेली, एका दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि वास घेतला. साबण. मग आपल्या बादल्यांकडे गेली. कालची साध्या पाण्याची बादली तशीच होती. त्यात हात घातला, अंगठा बोटावर घासला. बुळबुळीत.

बाई उलट्या डब्यावर बसली.

साबण होता तो. पाइप होता तेव्हा भरपूर वाहत्या पाण्याने साबण पार निघून जायचा आणि मग मागे उरायचं ते खरं उत्तर. बादलीत तेच फडकं पुन्हा पुन्हा पिळून पिळून साध्या पाण्याचंच साबणपाणी झालं होतं, आणि साबणाचं पाणी मेणावरसुद्धा आडवं होतं. खात्री करायला ती उठली. मालकांची स्वतःची गाडी सावलीत उभी होती, परवाच मेण लावलेली. तिने कालच्या बादलीतलं फडकं पिळून तिच्या बॉनेटवर फिरवलं आणि वर मगभर ओतलं. पाणी चादरीसारखं पसरलं. परवा मेण लावलेल्या गाडीवर! ह्या हिशोबाने तिने मेणाच्या डब्यालासुद्धा नितळ म्हटलं असतं. दोन महिने ती पाण्याला विचारत होती आणि उत्तर साबण देत होता. बाकीच्या गाड्या निभावल्या, कारण त्यांच्यावर मेण होतं कुठे? ज्या दोन गाड्यांवर होतं, त्या दोन्ही बिघडल्या. आणि गन गेली कोणाची?

वॉचमन कुंड्यांकडे वळला होता. त्याला काही कळलं नव्हतं. कोणालाच काही कळलं नव्हतं.

आता माणसाच्या मनात काय येतं ते सांगायला हवं, कारण तिच्याही मनात आलं. गप्प बसून दारं पुन्हा साफ केली तर नव्या पेंटरचं काम छान उठेल, आणि काकांचाच हात गेला होता हे कायमचं शाबीत होईल. आणि गप्प बसून दारं अशीच दिली, तर नव्या पेंटरच्या रंगालाही खळगे पडतील, मग कोण कोणाला म्हातारा म्हणतो ते बघू. ही दुसरी वाट जरा वेळ तिला फार बरी वाटली. मग तिला स्टुलावर बसलेले पोस्टमास्तर आठवले, आणि मग तिला आठवलं ते तिचं स्वतःचं वाक्य. चार माणसांत नवऱ्याच्या शेजारी उभं राहून ती म्हणाली होती, माझ्याकडून नितळ होतं. चार माणसांत म्हटलं ना? मग चार माणसांतच परत घ्यायचं.

दहा वाजता सगळे आले. डेंटर, गाड्या धुणारे दोघे, नवा पेंटर, पोस्टमास्तर आपल्या स्टुलावर. पेंटर टेपची रिळं घेऊन आपल्या कोपऱ्याकडे निघाला होता.

"अहो, तुम्ही थांबा इथे," ती म्हणाली. "मालकांनाही बोलवा कोणीतरी."

मालक आले. नितळबाई त्यांच्याच गाडीशी उभी होती, बादली घेऊन.

"मालक, गाडीला मेण कधी लावलंत?"

"परवा. का?"

तिने फडकं पिळलं, बॉनेट पुसलं आणि मगभर पाणी ओतलं. पाणी आडवं झालं. सगळे बघत होते. "नितळ," ती म्हणाली.

डेंटर हसला. बाकी कोणी हसलं नाही, कारण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"परवा मेण लावलेली गाडी नितळ आहे," ती म्हणाली, "ह्या बादलीच्या हिशोबाने. त्या दोन गाड्यांनाही मी असंच नितळ म्हटलं. काल पोस्टमास्तरांच्या गाडीलाही म्हटलं. साबण राहतो आणि तो पाण्याला आडवं पाडतो. मेण होतं तिथंच आहे. ह्यांच्या हाताला काही झालेलं नाही. माझा शब्द खोटा होता."

गाड्या धुणाऱ्यांपैकी एकाने उगाचच नळ बंद केला.

"पण बाई," मालक म्हणाले, "काका स्वतःच म्हणाले ना, हात हलला म्हणून?"

मग तिने नवऱ्याकडे बघितलं. पेंटर हातातलं रिळ बोटावर फिरवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सव्वीस वर्षं शेजारी काम केलेल्या बाईला तेवढं पुरलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हात हलला की ओघळ येतात," पेंटर सावकाश म्हणाला. "खळगे मेणाचेच असतात. पेंटरला कळतं ते."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तू म्हणालीस, नितळ होतं."

"मी काहीही म्हणेन! मी काय देव लागून गेले?" तिचा आवाज चढला. "दोन गाड्यांचं वाटोळं झालं, तुमची गन गेली, मी तुम्हाला औषधाच्या बाटल्या वाचायला लावल्या, आणि तुम्ही वय म्हणून वर्तमानपत्र वाचत बसलात?"

"मला टेप लावता येते, पोच्यांत लांबी भरता येते," पेंटर म्हणाला. "तुझ्या शब्दावर कोणी शंका घेतली असती तर तू उभी कशी राहिली असतीस इथे?"

"राहिलेच ना आता? पडले का? असला मोठेपणा पुन्हा केलात तर बघा." तिने डोळे पुसले, पण हाताला साबण होता, त्यामुळे ते आणखीच चुरचुरले आणि ती आणखीच भडकली. "मालक, मला पाइप पाहिजे. आजचा दिवस नाही, कायमचा. ह्या बादल्या त्या वॉचमनला द्या, कुंड्यांना पुरतात."

मालकांनी होकारार्थी मान डोलावली. खालचा ओठ चावत ते नव्या पेंटरकडे वळले, काहीतरी म्हणणार होते. पण तो आधीच आत गेला होता. बाहेर आला तो खिळ्यावरची गन घेऊन. "काका, हिच्या घोड्यावर माझं बोट नीट बसत नाही," तो म्हणाला. "तुमच्या मापाची झालीय ती." मालकांनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. ही गाडी काकांची. काय निघतं ते बघून पुढचं ठरवू."

म्हणजे अजून काही परत मिळालं नव्हतं. नितळबाईने पदर खोचला.

ह्या वेळी तिने स्पिरिटवर भरवसा ठेवला नाही. पोस्टमास्तरांची वर्षभर टिकणारी ती बाटली स्पिरिटला दाद देत नव्हती. तिने वरचा थर घासून काढणारी रबिंगची पेस्ट घेतली, ओंजळीएवढ्या गोल स्पंजावर लावली, आणि दार वीतभर-वीतभर वाटून घेतलं. एक वीत झाली की पाइप. धो धो पाणी, साबणाचा मागमूस राहणार नाही इतकं. थेंब उभे राहिले की पुन्हा तीच वीत. दुपारी तिने जेवणाचा डबा उघडला नाही. पेंटरने तो उघडून तिच्या शेजारी ठेवला, तरी तिने बघितलं नाही. तीन वाजता तिचा खांदा भरून आला, तेव्हा तिने स्पंज डाव्या हातात घेतला. पोस्टमास्तर उठले, बाही दुमडली आणि म्हणाले, "बाई, लावायला अठरा वर्षं मी होतो. काढायला मलाही एक फडकं द्या." तिने दिलं. आठ बाजूंची घडी घालायला शिकवली आणि दोनदा चुकल्यावर त्यांना ओरडलीही.

साडेपाचला तिने शेवटचा पाइप सोडला. पाणी दोन्ही दारांवर एकसंध पसरलं आणि काचेखालच्या रबरापासून खालपर्यंत एकाच कडेने उतरलं. एक थेंब उभा राहिला नाही. पेंटर रंगाच्या खोलीच्या दारात आला.

"काय गं?"

तिने दारं कोरडी पुसली आणि पुन्हा पाणी सोडलं. पाणी पसरलं. पुन्हा पुसलं, पुन्हा सोडलं. मालक घड्याळ बघत होते, पण त्यांची बोलायची छाती झाली नाही. शब्द तिच्या जिभेवर होता आणि बाहेर येत नव्हता. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"सांगशील तेव्हा मारतो," पेंटर म्हणाला. "घाई नाही."

"नितळ," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

पॉलिश पेपर, लांबी, अस्तर ह्यांत पुढचा दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर गन घेऊन आत गेला आणि दार लागलं. नितळबाईसमोर दुसरी गाडी होती, हातात फडकंही होतं, पण हात चालत नव्हता. आतून गनचा आवाज येत होता. लांब श्वास, क्षणभर थांबणं, पुन्हा लांब श्वास. हा हात तिच्या ओळखीचा होता, तिने तो झोपेतही ओळखला असता. मग आवाज थांबला. डेंटरने हातोडी खाली ठेवली. मालक कचेरीतून बाहेर आले. पोस्टमास्तर स्टुलावरून उठून उभे राहिले.

बराच वेळ आतून काहीच हालचाल नव्हती. तो ओल्या रंगासमोर वाकून कडेने बघत असणार, हे तिला न बघता दिसत होतं. खळगे पडायचे तर आत्ताच पडतात.

दार उघडलं. पेंटरने तोंडावरची पट्टी खाली ओढली. नाकावर तिचा वळ उमटला होता. त्याने मालकांकडे बघितलं नाही, पोस्टमास्तरांकडे बघितलं नाही. आवार ओलांडून तो तिच्यापाशी आला आणि सव्वीस वर्षांत कधी तोंडात न घेतलेला शब्द त्याने उच्चारला.

"नितळ."

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि त्याला बाजूला सारलं.

"सरका," ती म्हणाली, "मला बघू द्या."